उलट्या चौरंगातले बिऱ्हाड

पौष शुद्ध २, शके १८५७, युवानाम संवत्सर. मु. वरवट बकाल.

हे गजवदना, हे वीणाधारिणी, हे कुलस्वामिनी, तुम्हा तिघांस नमन करून लेखणी उचलतो. म्हाताऱ्याची बुद्धी ठिकाणावर ठेवा आणि हात कापू देऊ नका. कारण आज जो विषय लिहावयाचा आहे तो फार थोर आहे. विषय — मांजर!

हसू नकोस, पाना. चाळीस वर्षे या वह्यांतून मी श्लोकांचे अर्थ, पावसाचे मान आणि पितरांच्या तिथी लिहिल्या. तू कधी कुरकुरला नाहीस. आज एवढे सोस.

झाले ते असे. काल सकाळी स्नान-पूजा उरकून जपास बसलो. माळ ज्या तांबड्या सकलादी पिशवीत हात घालून ओढायची, ती गोमुखी पाटावर ठेवली आणि पळीपंचपात्र घेण्यास वळलो. तेवढ्यात मनीने गोमुखीत तोंड घातले. उंदीर आहे असे वाटले असेल, की नामाची गोडी लागली, ईश्वर जाणे! तोंड आत गेले ते अडकले. मग ही बया मागे-मागे चालू लागली. ओसरी उतरली, अंगणात आली, तुळशीवृंदावनास पुरती प्रदक्षिणा घातली — तीही उलटी, तीही पाठमोरी! आणि तिच्यामागे मी, ओलेत्या धोतराने, “अगं माळ! अगं माळ!” करीत.

आणि तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून तो आवाज आला.

सूनबाई हसली.

तोंडाला पदर लावून नव्हे, खदखदून. हातातली परात खाली पडली, तरी हसतच होती. मी वृंदावनापाशी उभा राहिलो आणि जपाचे मंत्र विसरलो.

हे केवढे मोठे, ते तुला कळायचे नाही म्हणून लिहून ठेवतो. कोकिळा ही माझ्या हिंमतरावाची पत्नी, दुसरबीडची लेक. गतवर्षी आषाढात, सातव्या महिन्यात, तिची कूस रिकामी झाली. हिंमतची आई त्याच्या आदल्याच वर्षी गेलेली. पोरीस पोटाशी धरून रडू देणारे घरात कोणी उरले नव्हते. हिंमतराव नागपुरास कचेरीत. सणावारी येतो, दिवाळीस येऊन गेला. घरात माणसे दोन, आणि आम्हा देशमुखांची चाल अशी, की सुनेने सासऱ्याच्या तोंडावर बोलू नये. पूर्वी निरोप हिंमतची आई पोचवी. ती गेल्यावर भांडी बोलू लागली. तांब्या वाजला की पाणी तापले, ताट वाजले की जेवण. दोन वर्षे हे घर भांड्यांच्या आवाजावर चालले.

मार्गशीर्षात तुरीच्या गंजीखालून हे मांजर आले. करड्या रंगाचे, एक कान फाटका, डोळ्यांत अपार गर्व. आणि एके सकाळी दाराआडून मी ऐकले, “मने, मामंजीला सांग, पाणी तापलंय.” मी चकित! पण सावरून उत्तर दिले, “मने, सूनबाईंस सांग, आलोच.” तेव्हापासून घरात बोलणे आहे. आणि काल तर हसणे!

आता चिंता एकच. मनी दिवसा आमची. पण दिवेलागणीस भिंतीवरून उडी टाकून शेजारी गोजरबाईकडे निजायला जाते. गोजरबाई आमच्याकडे दूध घालते. आज म्हणते कशी, “बाबाजी, तुमची मनी माह्या चुलीपाशी निजते. म्हंजे ते आता माहीच झाली ना!” आणि खो-खो हसली.

तिची झाली? आमचे बोलणे, आमचे हसणे, भिंतीपलीकडे जाऊ द्यावे? कदापि नाही! मनीस या घरात निजण्याची जागा करून द्यावयाची. स्वहस्ते. हा संकल्प.

पौष शुद्ध ३.

टोपले घेतले, त्यात आपल्याच शेतातला कापूस, सरकी काढून, पिंजून, वीतभर भरला. राजपुत्रास लाजवील अशी शय्या! मनीस उचलून अलगद ठेवली. ती आत गेली, गेली, गेली... आणि दिसेनाशी झाली. फक्त शेपटीचे टोक वर. क्षणभराने कापसाचा स्फोट झाला आणि आतून एक ढग निघून दाराबाहेर धावला.

दाराआडून: “मने, मामंजीला सांग, कापूस लई झाला.”

मी म्हणालो, “मने, सूनबाईंस सांग, आमच्याही ध्यानात आले.”

मनी तेव्हा घराच्या कौलावर होती. तरी निरोप पोचले!

पौष शुद्ध ४.

कापूस कमी केला. टोपल्यात आज कोंबडी बसली. गोजरबाईची.

पौष शुद्ध ६.

राकेलच्या डब्यांची लाकडी पेटी मिळाली. धुतली, उन्हात दोन दिवस ठेवली, कडुनिंबाचा पाला जाळून धुरी दिली. आत गवत पसरले, वर घोंगडीचा तुकडा. मनीने दारात उभी राहून वास घेतला, माझ्याकडे पाहिले — ज्या नजरेने दिवंगत पिताश्री माझ्या पाठांतरातील चुकांकडे पाहत, अगदी तीच नजर! — आणि तीन वेळा शिंकून निघून गेली. थेट देवघरात. पोथी उघडी होती. तिच्यावर वेटोळे करून निजली. बरोबर त्या पानावर, ज्यावर वैराग्याचे निरूपण आहे.

उठवण्याचा धीर झाला नाही. वैराग्य उद्या वाचीन.

सायंकाळी मारुतीच्या देवळात रंगराव भेटले. बाळपणीचा सोबती; थट्टेत कोणाची गय करायची नाही असे व्रतच घेतलेले. “काहो शालिग्रामराव, मांजरीले पलंग करून राह्यले म्हंते तुमी? मच्छरदानी बी लावता काय?”

मी म्हणालो, “शास्त्रात मांजर सदा शुचि मानले आहे.”

“हाव ना,” ते म्हणाले, “म्हून तं तुमच्या घरी गादी मांजरीले अन् घोंगडं तुमाले!”

सारे देऊळ हसले. मीही हसलो. हल्ली मला हसू फार लवकर येते. संवत्सराचे नाव युवा आहे, त्याचा परिणाम असावा.

पौष शुद्ध ८.

सापडले! सापडले!

पहाटे पडल्या-पडल्या विचार करीत होतो. मनीस जमीन थंड लागते, टोपल्यात गुदमरते, पेटीस वास येतो. तिला हवे काय? उंच, लवचीक, उबदार, चारी दिशांस पाहता येईल असे. म्हणजे झोळी! पण झोळी टांगावी कशास? आणि तेवढ्यात दृष्टी माळ्याकडे गेली. सत्यनारायणाचा जुना चौरंग! एक पाय तडकला म्हणून वर टाकलेला.

चौरंग उलटा केला की चार पाय आकाशाकडे. चार पायांस चार टोके बांधली की मधे झोळी. केवढी सोपी गोष्ट! यास बासष्ट वर्षे लागली.

परंतु मनात शंका आली — देवाचा चौरंग मांजरीस? अर्धा प्रहर विचार केला. एक तर, लेकरांची राखण करणारी षष्ठीदेवी, तिचे वाहनच मांजर. वाहनास आसन देणे ही स्वामिनीचीच सेवा. दुसरे असे, की देव बसले ते चौरंगाच्या वरच्या बाजूस. खालच्या बाजूस आजवर कोणी बसलेच नाही. ती जागा रिकामीच होती! माझा मलाच युक्तिवाद इतका आवडला की मोठ्याने “वा!” म्हणालो. दाराआडून बांगड्या वाजल्या. चौकशी होती.

“मने,” मी म्हणालो, “सूनबाईंस सांग, जुने उपरणे आणि दोरी पाहिजे.”

उपरणे दाराबाहेर सरकत आले. मागोमाग आवाज: “मने, मामंजीला सांग, काथ्याची दोरी नको. टोचती. सुताची नाडी घ्या म्हणावं.” थोड्या वेळाने पुन्हा: “अन् उपरणं दुहेरी करा म्हणावं. वर चढताना नखं लागतील तिची.”

खरे होते! उपरणे दुहेरी केले. चार टोकांस चार गाठी मारल्या. एक सुटली. पुन्हा मारली, दुसरी सुटली. दुधाचे भांडे घेऊन गोजरबाई दारात उभी राहून पाहत होती. “गाठी मजबूत मारा बरं बाबाजी, पुढं कामी येईन!” म्हणाली आणि आतल्या बाजूस पाहून डोळे बारीक करून हसली.

पुढे कामी यायचे ते काय? मनी एकच आहे. बायकांच्या हसण्याचा अर्थ लावण्यात वेळ दवडू नये.

चुलीची ऊब जिथवर येते तिथे, माजघराच्या कोपऱ्यात चौरंग मांडला. मनीने एक पाय ठेवला. झोळी हलली. पाय काढून घेतला. पण शिंकली नाही! मी हे शुभचिन्ह मानतो. उपरणे नुसते आहे, गार लागत असेल. आत पातळशी गादी शिवून घातली की झाले.

पौष शुद्ध ११.

पुत्रदा एकादशी. देवळात कथा सांगितली. स्वतःच्या घरासाठी काही मागण्याचा धीर झाला नाही; प्रथम हसू आले आहे, तेवढेच टिको, असे म्हणून पायऱ्या उतरलो.

घरी एक नवल. सूनबाईने आज उपास केला नाही. माझ्या स्मरणात पहिल्यांदाच. गोजरबाईने बाहेरूनच मला सुनावले, “पित्त झालं तिले. मीच म्हन्लं, भाकर खाय. तुमी काही बोलू नका!” मी कशास बोलतो? प्रकृतीस जपावे. मी मनीस सांगितले, “सूनबाईंस सांग, सुंठ-साखर घ्यावी.” आतून कोणीतरी नाकातून हसले. मनी नव्हती ती.

पौष शुद्ध १५. तिसरा प्रहर.

हे लगेच लिहून काढतो.

आज रात्री चंद्रग्रहण. सकाळी देवळात पंचांग घेऊन बसलो. स्पर्श कधी, मोक्ष कधी, वेध केव्हा लागतात, कोणी काय वर्ज्य करावे, सारे गावास वाचून दाखविले. बायकांची बाजू भरलेली होती. सूनबाईही गोजरबाईबरोबर मागे बसून ऐकत होती.

घरी येऊन जेवण लवकर उरकले. दुपारी वेध लागले. जेवणखाण नाही, वेळ मोकळा. म्हटले, गादीचे काम संपवून टाकू! आणि मग मला ती कल्पना सुचली, जी सुचली नसती तर बरे होते. हिंमतच्या आईचे एक जुने लुगडे पेटीत आहे, हिरव्या रंगाचे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. त्याची खोळ केली तर? तीच पूर्वी घरातले निरोप पोचवी. आता निरोप पोचवणारी त्यावर निजेल. मला तर ही कल्पना काव्यासारखी वाटली.

लुगडे, सुई-दोरा आणि कात्री ताटात घालून उंबऱ्यापाशी ठेवली. “मने, सूनबाईंस सांग, खोळ बेतून द्या. तुमचा हात सुबक आहे.”

ताट जागचे हलले नाही.

वाट पाहिली. पुन्हा सांगितले. नाही. शेवटी खोकलो, आणि दृष्टी खाली ठेवून दारातून आत पाहिले. सूनबाई भिंतीशी टेकून, पाय लांब करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. कात्रीकडे पाहत नव्हती. लुगड्याकडेही नाही. मूर्तीसारखी. ही मुलगी दुपारी रिकामी बसलेली मी कधी पाहिली नाही.

मग उमगले. सासूचे लुगडे! त्याच लुगड्याच्या पदराने हिंमतची आई तिची वेणी घालून झाल्यावर तिचे तोंड पुसत असे. मी ते कापून मांजरीखाली घालायला निघालो! काव्य! काय मूर्ख म्हातारा!

ताट उचलून परत आलो. लुगडे घडी करून ठेवले. मनीस काही सांगता आले नाही, कारण मनी घरात नव्हती.

पौष वद्य १.

ग्रहण सुटले. स्नान केले. मनी कालपासून नाही. गोजरबाईच्या चुलीपाशीही नाही — विचारून आलो.

घरात पुन्हा तांब्या वाजला. पाणी तापले होते.

दुपारी लुगड्यास हात न लावता, माझ्याच जुन्या बंडीची खोळ शिवायला बसलो. सुईत दोरा ओवण्यास तेवढा काळ लागला जेवढ्यात एक अध्याय वाचून होतो. शिवण पाहिली तर मुंग्यांची वरात चालली आहे. बोटास चार वेळा सुई टोचली.

गोजरबाई दूध ओतता-ओतता माझ्याकडे पाहत होती. “बाबाजी, एवढ्या पोथ्या वाचता, अन् घरातलं तुमाले काहीच दिसून नाही राह्यलं?”

मी म्हणालो, “चष्मा जुना झाला आहे.”

तिने कपाळावर हात मारून घेतला.

पौष वद्य २.

मनी नाही.

पौष वद्य ४.

संकष्टी, आणि संकष्टीस साजेलशी हकिकत!

सकाळी गोजरबाईच्या अंगणातून म्याव ऐकू आले. अगदी क्षीण. गाडीखालून. मी आजूबाजूस पाहिले. कोणी नव्हते. धोतराचा काष्टा खोचला आणि गाडीखाली शिरलो. दोन्ही हात, दोन्ही गुडघे जमिनीवर. बासष्ट वर्षांचा देशमुख, पागोटे डोक्यावर! जुवाखाली, कडब्याच्या पेंढ्यांमागे, मनी बसली होती. माझ्याकडे पाहून डोळे मिटले.

“काहो शालिग्रामराव,” मागून आवाज, “काय करून राह्यले?”

रंगराव! साऱ्या वरवटात याच वेळी, याच वाटेने हा माणूस यायचा होता.

आणि पाना, मी असत्य बोललो. पांढऱ्या मिशांनी असत्य बोललो. म्हणालो, “माळेतला एक रुद्राक्ष पडला.”

रंगराव थट्टेखोर, पण भाविक. रुद्राक्ष म्हटल्याबरोबर काठी टाकून तेही खाली बसले, ओणवे झाले, गाडीखाली शिरले. “कुठं पडला? इकडं का तिकडं?” आम्ही दोघे वृद्ध, पागोट्यास पागोटे घासत, शेण-कडब्यात रुद्राक्ष शोधतो आहोत. जो माझ्या घरी माळेत सुखरूप आहे!

तेवढ्यात मनी उठली, आळस दिला आणि ऐटीत रंगरावांच्या पाठीवर चढून बसली.

“हाच का बे तुहा रुद्राक्ष?” रंगराव ओरडले. आदर-बिदर सारा गाडीखालीच राहिला. मग आम्ही दोघे असे हसलो की उठता येईना. गोजरबाईने येऊन एकेकास ओढून काढले. असत्याचे प्रायश्चित्त म्हणून उद्या एक हजार जप जास्त. आनंदाने करीन.

मनीस उपरण्यात गुंडाळून घरी आणली. झोळीत माझी वाकडी गादी घातली. मनी आत गेली. बाहेर आली. पुन्हा गेली, पुन्हा बाहेर. हात टेकले. म्हणालो, “बये, आता हवे तरी काय तुला?” आणि ती देवघरात जाऊन गोमुखीशेजारी बसली. नाक पिशवीला लावून.

गोमुखी हिंमतच्या आईने शिवलेली आहे. बावीस वर्षे माझा हात तिच्यात आहे. क्षणभर थांबलो. मग माळ काढून घेतली आणि गोमुखी झोळीत ठेवली. मनी चढली. गोमुखीत नाक खुपसले, दोनदा वळली, आणि — निजली! झोळी हलकेच हलत राहिली. जप आता उपरण्याखाली करीन. भगवंताची तक्रार नसावी.

सूनबाई दारात येऊन पाहत होती. मी मनात म्हटले, आता हसेल. ओठ हललेही. पण तोंडाला पदर लावून ती लगबगीने परसात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा चेहरा उतरलेला, डोळे ओले, तोंड धुतलेले.

रडली असावी. लुगड्याचा घाव अजून ओला आहे. मनी घरात आली, पण हसू आणायचे राहिले.

पौष वद्य ५. भोगी.

काहीतरी कळेनासे आहे!

सकाळी झोळी पाहिली. माझ्या वाकड्या गादीवर नवी खोळ! हिरव्या लुगड्याची! कडेने टाके कसे, तर मोगऱ्याच्या कळ्या ओळीने ओवाव्या तसे. चारही गाठी सोडून पुन्हा बांधलेल्या, टोके आत खोचलेली. माझ्या बंडीची खोळ धुऊन दोरीवर वाळत घातलेली. आणि कात्री, सुई, दोरा ताटात नीट ठेवून ताट माझ्या पाटाशेजारी.

म्हणजे लुगडे कापण्याचे दुःख नव्हते! स्वतःच्या हातांनी कापले की! मग पुनवेच्या दुपारी त्याच हातांनी कात्रीस स्पर्शसुद्धा का केला नाही? चार दिवसांत राग गेला? की राग नव्हताच? मग काय होते?

जेवताना बाजरीची भाकरी, तीळ लावून, वर लोण्याचा गोळा. वांगे, हरभऱ्याचे घाटे, गाजर घालून केलेली भोगीची भाजी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. दाराआडून: “मने, मामंजीला सांग, भाजी अजून आहे.” निरोप पुन्हा सुरू झाले! मी इतका प्रसन्न झालो की मनीस म्हणालो, “सूनबाईंस सांग, चौथीही चालेल.”

पण ते कोडे सुटत नाही. दुपारभर घोळवले. मोठमोठ्या ग्रंथांचे अन्वय लावले या बुद्धीने. एका कात्रीचा लागत नाही.

पौष वद्य ६. संक्रांत.

सकाळी पूजा आटोपून बसलो होतो. सूनबाई बाहेर आली. वाटीत तिळगूळ. पायांवर डोके ठेवले, तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, आणि मनीकडे वळली. मनी झोळीत गाढ निजलेली. पोट वर, चारही पाय चार दिशांस, नाक गोमुखीत. “मने...” सूनबाई म्हणाली. कान हलला, बस्स. निरोप नेणारी आज उठायची नव्हती.

सूनबाईने वाटी खाली ठेवली. मग, या घरात आल्यापासून पहिल्यांदा, माझ्याकडे वळून बोलली.

“मामंजी, पुनवेला कात्री धरली नाही, ते रागानं नव्हतं. वेध लागले होते.”

आणि आत पळाली. आतून गोजरबाईचे हसणे, आणि त्यात मिसळलेले, परात पडली होती त्या दिवसाचे, तेच हसणे!

वेध लागले होते. मीच तर वाचून दाखविले होते साऱ्या गावास! वेधापासून मोक्षापर्यंत कात्री, सुरी, सुई हाती धरू नये, भिंतीस टेकून स्वस्थ बसावे, असे कोणी? गर्भवतीने! एकादशीची भाकर. परसात धावणे. गाठी मजबूत मारा बाबाजी. अरे देवा, अरे देवा! सारे वरवट ऐकत होते. वाचणाऱ्यासच ऐकू आले नाही!

माळ्यावरचा पाळणा काढायला रंगरावांस बोलावले आहे. चढताना पडू नये म्हणून दोघेही चढणार आहोत.

हे षष्ठीमाते, आज तुझीच तिथी; तुझे वाहन माझ्या घरी निजले आहे, तूही आता इथेच राहा. आणि हे पान पुढे कधी ज्या कोणाच्या दृष्टीस पडेल, त्याच्या घरी मांजर असेच निवांत निजो, आणि माणसे परस्परांशी स्वमुखे गोड बोलोत. कल्याणमस्तु.